जहाजावरची शाळा : चार महिने समुद्रात असताना अभ्यासाचं काय होतं?

लोकलमध्ये उभे असाल तर ऐका, सीट मिळाली असेल तर वाचा. मजकूर तोच आहे, फक्त माझे 'अं... म्हणजे... काय म्हणत होते मी' तेवढे काढून टाकलेत.

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे आहे. रत्नागिरीची अकरावीतली एक मुलगी. तिचे बाबा मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर. या वेळी कंपनीनं फॅमिली बरोबर न्यायला परवानगी दिलीय, म्हणून आई आणि चौथीतला धाकटा भाऊ चार महिने जहाजावर जाणार. ही अकरावीमुळे आजीकडे राहणार. घरात दोन पक्ष पडलेत. आजी म्हणते, पोराचं वर्ष वाया जाणार. आई म्हणते, चार महिन्यांत जग बघेल, तेवढं शाळेत दहा वर्षांत शिकणार नाही. आणि हिचा प्रश्न : "ताई, तू गेली होतीस ना? खरं काय ते सांग."

गेले होते. दोनदा. सहावीत साडेचार महिने आणि आठवीत पाच महिने. दोन्ही वेळा बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळसा, लोहखनिज, धान्य असला सुटा माल नेणारं जहाज. क्रूझ म्हटल्यावर स्विमिंग पूल आणि रात्रीचे शो डोळ्यांसमोर येत असतील तर ते चित्र बाजूला ठेवा. आमच्याकडे बावीस माणसं होती, त्यात मूल मी एकटीच. कागदोपत्री माझी नोंद 'सुपरन्यूमररी' अशी. जास्तीचं माणूस. बाबांना हा शब्द फार आवडायचा.

माझ्या मते आजी आणि आई दोघी अर्ध्या बरोबर आहेत. चौथीचा अभ्यासक्रम समुद्रावर आरामात होतो. शाळेतले सहा तास घ्या. त्यातून हजेरी, रांगा, वर्ग शांत होण्याची वाट, दुसऱ्यांची गणितं संपेपर्यंत बसून राहणं हे सगळं वजा करा. एका मुलाला एक मोठं माणूस शिकवत असेल तर रोज अडीच तास पुरतात. अभ्यास पुढे सरकतो. बसायची सवय मात्र फार पटकन सुटते. आठ दिवस वही उघडली नाही की नवव्या दिवशी ती उघडायला जो त्रास होतो, त्याला समुद्र, डॉल्फिन, सूर्यास्त कोणीही मदत करत नाही.

मुळात ही काळजी काही आपल्या घरातच जन्मलेली नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट स्कूलनं १९०६ साली घरी शिकण्याचे धडे पोस्टानं पाठवायला सुरुवात केली. व्हर्जिल हिलियर नावाचे हेडमास्तर होते, त्यांची ही कल्पना. पुढे कितीतरी वर्षं मिशनरी, परदेशात नोकरी करणारे लोक आणि शिडाच्या बोटीत राहून जग फिरणारी कुटुंबं हे खोके घेऊन निघायची. खोक्यात पुस्तकं, वह्या, पेन्सिली, आणि आईवडिलांसाठी 'आज हे शिकवा' असं दिवसवार लिहिलेली पुस्तिका. ही पुस्तिका मला सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते. मुलाला काय शिकायचं ते कुठूनही मिळतं. शिकवणाऱ्या आईला मंगळवारी सकाळी नऊ वाजता नक्की काय करायचं, हे सांगणारं कोणी नसतं.

दुसरं उदाहरण लॉरा डेकरचं. डच मुलगी, जन्मच आईवडिलांच्या समुद्रप्रवासात न्यूझीलंडला झालेला. २००९ मध्ये, १३ वर्षांची असताना, ती म्हणाली की मला एकटीनं बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायचीय. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं तिला बालकल्याण खात्याच्या देखरेखीखाली ठेवलं. वादळांइतकीच तिच्या शाळेचीही चर्चा झाली, कारण नेदरलँड्समध्ये शाळेची सक्ती कडक आहे. तिनं दूरशिक्षण देणाऱ्या वेरेल्डस्खोल या डच संस्थेचा अभ्यास बरोबर घेतला, २०१० च्या जुलैमध्ये कोर्टानं देखरेख उठवली, ऑगस्टमध्ये ती जिब्राल्टरहून निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनला प्रदक्षिणा पूर्ण केली. वय १६. तेव्हा तुझ्या आजीचा प्रश्न डच न्यायाधीशांनाही पडला होता, हे आजीला सांग. खूश होईल.

आता आमच्या जहाजाकडे येते.

पहिला आठवडा अभ्यास शून्य. बोट लागते. जहाज कलत असताना पुस्तकात डोळे घातले की पोटात ढवळतं. क्षितिजाकडे बघितलं की जरा बरं वाटतं. मग आईनं काय केलं, तर पाढे. बंकवर आडवं पडून, डोळे मिटून. आजोबांनी निघायच्या आधी पावकी, निमकी, दीडकी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली होती. अपूर्णांक मला वहीवर कळायच्या आधी आजोबांच्या चालीवर पाठ झाले. समुद्र शांत झाला की टेबलावर खाली रबराची चटई अंथरून वह्या. आमच्या मेसमध्ये जहाज फार हलायला लागलं की टेबलक्लॉथ ओला करायचे, म्हणजे ताटं सरकत नाहीत. वहीला हा उपाय चालत नाही, हे सांगायला नको.

नियम एकच होता आणि तो बाबांनी ठरवला : समुद्रात शाळा, बंदरात सुट्टी. वार बघायचा नाही. रविवार असो, दिवाळी असो, जहाज चालतंय तर सकाळी ८ ते साडेदहा वही. बंदर लागलं की वही बंद, भले तो सोमवार असेना का. हा नियम मी सगळ्यांना सांगते. याच्यामुळे रोजची घासाघीस संपते. 'आज नको ना' म्हणायला जागाच राहत नाही, कारण सुट्टी आई देत नाही, बंदर देतं. आणि बल्क कॅरिअरवर बंदर कधी येईल याचा भरवसा नाही. मालच अचानक बदलतो. पुढचं बंदर कोणतं हे कधीकधी जेमतेम आठवडाभर आधी कळतं. म्हणूनच 'तिकडे पोचलो की पुस्तकं मागवू' हा विचार डोक्यातून काढून टाका. जे लागणार ते घरून न्यायचं.

घड्याळाची गंमत सांगते. एकदा आम्ही ब्राझीलच्या तुबारावहून लोहखनिज भरून चीनच्या चिंगदावला गेलो. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, पाच आठवड्यांहून थोडा जास्त प्रवास. ब्राझीलची वेळ ग्रिनिचच्या तीन तास मागे, चीनची आठ तास पुढे. म्हणजे वाटेत जहाजाचं घड्याळ अकरा वेळा एकेक तास पुढे केलं. अकरा दिवस २३ तासांचे! सकाळी आठची शाळा शरीराला सातची वाटायची, आणि सवय होतेय तोवर पुन्हा घड्याळ पुढे. यात ऑनलाइन क्लासचं काय होतं बघा. मुंबईतला सकाळी दहाचा क्लास ब्राझीलच्या किनाऱ्यावर मध्यरात्रीनंतर दीड वाजता येतो. तेव्हा शाळा कितीही म्हणाली की 'झूमवर जॉइन होऊ दे', तरी त्या भरवशावर जाऊ नका. माझ्या वेळी इंटरनेट म्हणजे प्रीपेड कार्डावरचे मोजके एमबी. त्यात घरच्यांना 'सुखरूप' एवढं लिहायचं. आता बऱ्याच जहाजांवर स्टारलिंक आलंय, भाऊ व्हिडिओ कॉलसुद्धा करेल. पण वेळेचा फरक उपग्रह मिटवत नाही.

फोन मात्र घ्या, आणि भरून घ्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ. दीक्षा ॲपमधले धडे डाउनलोड करून. किविक्स नावाचं ॲप आहे, त्यात विकिपीडिया ऑफलाइन उतरवता येतो, मराठीसुद्धा. आणि एक युक्ती : फोनचं जीपीएस इंटरनेटशिवाय चालतं. केबिनमध्ये लोखंडी भिंती असल्यामुळे सिग्नल लागत नाही, पण उघड्यावर आलं की अक्षांश-रेखांश दिसतात. रोज दुपारी बारा वाजता ते आकडे वहीत लिहायचे. महिनाभरात त्या वहीतून अख्खा भूगोल निघतो.

कसा, ते सांगते. आमचा सेकंड मेट केरळचा होता. त्याची ब्रिजवरची ड्यूटी दुपारी १२ ते ४ आणि पुन्हा रात्री १२ ते ४. दुपारी तीनला मी कॅप्टनची परवानगी घेऊन वर जायचे. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, मैल म्हणजे काय? मी १.६ किलोमीटर सांगितलं. तो म्हणाला, तो जमिनीवरचा. समुद्री मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट. एका अंशात ६० मिनिटं, म्हणून ६० मैल. आणि त्याचे १,८५२ मीटर. ज्या पृथ्वीवरून चाललोय तिच्याच मापानं अंतर मोजायचं! मग गणितं सुरू. आपण १२ नॉटनी चाललोय, दिवसाला किती? २८८ समुद्री मैल, म्हणजे ५३३ किलोमीटर. मुंबईहून जवळजवळ अहमदाबाद, आख्ख्या दिवसात. सायकलवाला आपल्याला मागे टाकेल, हे तेव्हा कळलं.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच आपला अक्षांश. ब्राझीलला तो दिसतच नव्हता. विषुववृत्त ओलांडून उत्तरेला बरंच वर आलो तेव्हा खालच्या धुक्यातून एका रात्री बाहेर आला, आणि चिंगदावला पोचेपर्यंत ३६ अंशांवर चढला. हे सहावीच्या पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेनंतर विसरले असते.

आठवीच्या ट्रिपला विज्ञान. जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या रेघा असतात, प्लिमसोल मार्क. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदारानं जहाजं बेसुमार लादण्याविरुद्ध लढा दिला आणि १८७६ च्या कायद्यानं ही खूण सक्तीची झाली. रेघांना अक्षरं असतात : उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी, उष्ण कटिबंधाची वेगळी, गोड्या पाण्याची वेगळी. कारण खारं पाणी जड, गोडं हलकं, त्यामुळे तेच जहाज नदीत जास्त बुडतं. आम्ही अमेरिकेत मिसिसिपी नदीत धान्य भरत होतो. चीफ ऑफिसरनं दाखवलं की समुद्रात गेल्यावर हे आपोआप वीतभर वर येईल. आणि आलं! आर्किमिडीजचा टबमधला किस्सा माझ्या डोक्यातून तेव्हाच गेला. त्याच्या जागी ते लाल-काळं लोखंड बसलं.

रद्द झालेले कागदी नकाशे तेव्हा जहाजावर ढीगभर असायचे. जाडजूड, पाठकोरे. माझी सगळी चित्रकला त्यावर झाली. आता बहुतेक जहाजांवर नकाशे स्क्रीनवर आलेत, त्यामुळे भावाला ड्रॉइंग पेपर घरूनच न्यावा लागेल. वाईट वाटतं.

इथपर्यंत ऐकून आईचा पक्ष जिंकला असं वाटेल. थांबा. प्रवास शिकवतो ते जिथे प्रवासाचा संबंध येतो तिथंच. लांब भागाकार समुद्र शिकवत नाही. शुद्धलेखन तर अजिबात नाही. बावीस जणांच्या त्या घरात हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तागालोग चालायचं आणि मराठी फक्त आमच्या केबिनमध्ये. म्हणून रोजच्या अडीच तासांत आईनं दोनच गोष्टी पक्क्या धरल्या : गणित आणि एक पान मराठी लेखन. बाकी इतिहास, परिसर, विज्ञान आठवड्यातून दोनदा वाचून व्हायचं. चौथीच्या मुलासाठीसुद्धा मी हेच सांगेन. परत आल्यावर वर्गात मागे पडलेलं दिसतं ते याच दोन ठिकाणी.

आणि सोबतीचं काय? याला उपाय नाही. मोठी माणसं लाड करतात. आमच्या गोव्याच्या कुकनं माझ्या वाढदिवसाला तीन मजली केक केला होता. पण बारा वर्षांच्या मुलीला बारा वर्षांची मुलगी लागते. मी टेबल टेनिस भिंतीशी खेळायचे. परत आले तेव्हा वर्गातल्या जोड्या बदललेल्या होत्या, आणि पुन्हा डब्याच्या गोलात बसायला दोन महिने गेले. हे अभ्यासापेक्षा जड होतं, आणि चौथीतल्या भावालाही थोडं होणार. मी गोड करून सांगणार नाही.

आता कागदपत्रांचा भाग. कंटाळवाणा आहे, पण आजीची खरी भीती इथंच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यात होमस्कूलिंगची वेगळी व्यवस्था लिहिलेली नाही. पण मूल परत आलं तर त्याला वयानुसार योग्य वर्गात घ्यायचं, ही तरतूद त्यात आहे. चार महिन्यांसाठी दाखला काढायची गरज नसते. मुख्याध्यापकांना भेटून अर्ज द्यायचा, वडिलांच्या कंपनीचं पत्र जोडायचं, आणि रजा मंजूर झाल्याचं लेखी घ्यायचं. तोंडी 'हो हो, जा' यावर निघू नका. माझ्या पहिल्या ट्रिपला शाळेनं तोंडी हो म्हटलं होतं, आणि परत आल्यावर नवीन बाईंनी हजेरीवरून आईला तीन चकरा मारायला लावल्या. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, त्यामुळे चौथीत जाणं पाचवीत जाण्यापेक्षा सोपं. चौथीतसुद्धा वार्षिक परीक्षेच्या आधी परत येता आलं तर उत्तम.

मोठ्या मुलांसाठी, कारण असेही काही ऐकताय हे मला माहितीय : दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीच्या प्रवेशाला वय किमान १४ लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पास झालेला विषय जमा राहतो. ज्यांचं घर जहाजाच्या वेळापत्रकावर चालतं त्यांच्यासाठी हे सोयीचं आहे. दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. तो भरायची मुदत मात्र ठरलेली असते, आणि तेव्हा तुम्ही अटलांटिकच्या मधोमध असलात तर तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. परीक्षा दोन्हीकडे केंद्रावर प्रत्यक्ष बसूनच.

जहाजाची बाजूही विचारून घ्या. कोणत्या हुद्द्याला, किती वयाच्या मुलांना परवानगी, हे कंपनीगणिक बदलतं. लाइफबोटीत जागा मोजलेली असते. लहान मापाचं लाइफजॅकेट जहाजावर आहे का, हे बाबांना आधी विचारायला सांग. मार्ग तांबड्या समुद्रातून आहे का, हेही; २०२३ च्या अखेरीपासून तिथे जहाजांवर हल्ले झालेत. असा मार्ग असेल तर ही ट्रिप सोडा, पुढची घ्या.

मग एवढं करून जायचं कशाला?

माझे बाबा वर्षातले सात-आठ महिने घरी नसायचे. आले की पहिला आठवडा घरात पाहुणा आल्यासारखं. ते विचारायचे, कितवीत गं आता? जहाजावर मी त्यांना पहाटे बॉयलर सूट घालून खाली जाताना आणि संध्याकाळी कानाशी ग्रीसचे डाग घेऊन वर येताना बघितलं. ते माझी वही तपासायचे. लाल पेन नव्हतं म्हणून हिरव्यानं. भागाकाराखाली 'पुन्हा कर' असं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीची तारीख, आणि 'बरोबर'. अशा दोन वह्या आहेत माझ्याकडे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी मर्चंट नेव्हीच्या पोरांकडे अशी एकही नाही. चार महिन्यांची हजेरी एका पारड्यात आणि हे दुसऱ्यात, असा हिशोब करायचा झाला तर मी भावाला पाठवेन. अडीच तासांची अट घालून.

आणि तुझं काम सांगते, कारण सगळे गेल्यावर तू घरी राहणार आहेस आणि ते सोपं नाही. भावाच्या वर्गातला एक मित्र गाठ. दर शनिवारी त्याच्या गणिताच्या आणि मराठीच्या वहीचे फोटो काढ आणि जहाजावर पाठव. वर्ग कुठे पोचलाय हे आईला कळेल, आणि मित्राला भावाची आठवण राहील. मला असं कोणी पाठवलं असतं तर डब्याच्या गोलातले ते दोन महिने कमी झाले असते. आजीला पाढे येत असतील तर तिच्या आवाजात रेकॉर्ड करून घे. पावकीपासून. बोट पहिल्याच आठवड्यात लागते, तेव्हा फाइल निघायच्या आधी फोनमध्ये टाक.